जटेतलं रक्त

धोंडीबाच्या अंगणात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बोरीच्या काट्यांचं कुंपण बाजूला सारून माणसं आत शिरली होती. ज्यांना शिरता आलं नाही ती मेंढवाड्याच्या भिंतीवर चढून बसली होती. आखरवाडी तशी तीस उंबऱ्यांची. पण ताडकळसच्या बाजाराला ओळखीची माणसं भेटतात, आणि बाजारात मिरची महाग झाल्याची बातमी पोचायच्या आत चमत्काराची बातमी पोचते. तेव्हा अंगणातली निम्मी डोकी परगावची होती.

मधोमध काळ्या घोंगडीवर बानू बसली होती. अठरा वर्षांची, तापानं वाळलेली, डोळे खाली. तिच्या मानेवरून मनगटाएवढी जाड जट लोंबत होती, हळदीनं पिवळीजर्द. लोक बानूच्या तोंडाकडे बघतच नव्हते. सगळ्यांचे डोळे जटेवर.

"बगा रे लेकरांनो!" आश्रुबा भगतानं आवाज चढवला. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर कुंकवाचा पट्टा आणि पोट असं, की उपासाचा देव त्याच्यावर कधी रागावला नसावा. "ही केसं न्हाईत! ही आईसाहेबाची वाट हाय! या वाटंनं आई खाली उतरायलीय. नऊ दिसांत चार बोटं वाढली. कुणाची वाढतात गा अशी? तुझी वाढतात का? याची वाढतात का?"

'याची' म्हणून ज्याच्याकडे बोट केलं त्याला टक्कल होतं. तोही भक्तिभावानं मान हलवत होता.

"आता सत्त्व बगा आईचं!" आश्रुबानं कमरेची लाकडी फणी काढली, सगळ्यांना उलटीसुलटी करून दाखवली, पितळी लोट्यातल्या पाण्यात बुडवली. "गंगा हाय ही, गंगा!" पाणी नितळ होतं. फणीचे दात त्यानं हलक्या हातानं जटेवर टेकवले.

जटेवर तांबडी रेघ उमटली. दातांमधून लाल थेंब ओघळले आणि बानूच्या खांद्यावरच्या लुगड्यावर पडले.

"रगत! आईचं रगत!"

सगळं अंगण जमिनीवर लोटांगण घालायला लागलं. शेजारची धुरपताबाई तर शुद्ध हरपून पडली. पडताना मात्र लोकरीच्या ढिगावरच पडेल एवढी काळजी तिनं घेतली.

"ऐका आता," आश्रुबाचा आवाज खाली आला. खालच्या आवाजातलं बोलणं लोक जास्त खरं धरतात हे त्याला पक्कं माहीत होतं. "या जटंला कुणी फणी घातली, कुणी ही जट सोडली, तर घरातला कर्ता गडी उभा कोसळंल. बहिणीच्या जटंचा मालक भाऊ असतो. पुनवंला पोरगी आईला सोडायची. तवर हिच्या तोंडातून निगंल तो आईचा सबूद. कुणी मोडायचा न्हाई."

पुनवेला अकरा दिवस होते.

*

निजामाचा मुलूख हिंदुस्थानात सामील होऊन चार वर्षं झाली होती. कचेरीवरचा झेंडा बदलला, शिक्के बदलले, वाडीत पहिल्यांदाच मराठी शाळा निघाली. आश्रुबाचं संस्थान तेवढं अजून विलीन व्हायचं राहिलं होतं. ओढ्यापलीकडच्या माळावर त्याचं ठाणं होतं. तिथं आधीच दोन जटावाल्या बाया बसायच्या. त्यांना नवरा नाही, पोर नाही, माहेर नाही. सकाळी हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, दुपारी आश्रुबाचं अंगण सारवायचं. त्यातली एक म्हातारी झाली होती आणि म्हाताऱ्या जटेला गर्दी होत नाही. हा हिशोब आश्रुबाच्या मनात होता. गावाच्या मनात नव्हता.

बानूचे केस जन्मापासून कुरळे. लहानपणी तिला सगळे 'कोकरू' म्हणायचे, कारण धनगराच्या घरात तेच सोपं. तिची माय सुगंधाबाई हिचे केस सुतासारखे सरळ. कुरळ्या केसांचं काय करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. बारीक दातांची फणी घ्यायची, कोरड्या केसांत टाळूपासून खाली ओढायची. बानू किंचाळायची, माय धपाटा घालायची. शेवटी दोघी दमायच्या आणि वरवर तेल चोपडून अंबाडा बांधून टाकायच्या. आत काय गुंतलंय ते अंबाड्याला ठाऊक.

आश्विनात बानूला हिवताप आला. महिनाभर अंथरूण. तापात डोक्यावर पाणी घ्यायचं नाही, केसाला हात लावायचा नाही, ही घराघरातली रीत. महिनाभर डोकं उशीवर घासलं. ताप उतरला तेव्हा मागच्या केसांचा घट्ट गोळा झाला होता. सुगंधाबाईनं फणी लावली, फणीचे तीन दात मोडले. तेवढ्यात धुरपताबाई ताक मागायला आली, तिनं बघितलं आणि ताक तसंच ठेवून ओढ्यापलीकडे पळाली.

पुढचं सगळं आश्रुबानं बघितलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो येई. मडक्यातलं 'देवीच्या डोंगरावरचं तीर्थ' जटेला चोळी, शेजारचे सुटे केस त्यात वळून घेई आणि वरून मूठभर हळद थापी. जट वाढली नाही तर नवल!

बानूचं घर आता तिचं राहिलं नव्हतं. "देवीच्या अंगाला काम लावू नगं," म्हणून तिच्या हातातली लोकर कातायची चाती काढून घेतली. तिनं पाणी आणायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, कुणाच्या ताटात जेवायचं नाही. मायसुद्धा तिला 'अगं' म्हणेना, "जेवता का?" म्हणू लागली. ते 'जेवता का' ऐकलं की बानू ताट बाजूला सारायची. वालूरच्या ज्या स्थळाशी तिची सुपारी फुटायची होती त्यांनी निरोप धाडला: देवीची वस्तू आम्हाला पेलायची नाही.

लोक येत, पाया पडत, विचारत. बसल्या बसल्या बानूच्या ध्यानात एक गोष्ट आली. आलेल्या दहांतले चार हरवलेल्या जनावराचं विचारीत, तिघं सुनेच्या पोटाचं, दोघं शेजाऱ्याचं वाईट कधी होईल ते. एक जण उगीच बघायला आलेला असे. बानू बरी आहे का, हे विचारणारा एकही नव्हता.

एक आला. नव्या शाळेचे चंद्रभान गुरुजी. पायजमा, टोपी आणि सायकल. चौथीच्या पुस्तकापेक्षा मोठं भाषण करायची त्यांना हौस. "बंधूंनो, हा विज्ञानाचा काळ आहे—" असं त्यांनी सुरू केलं आणि बंधू पांगले. तेव्हा ते घोंगडीपाशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "बानूबाई, एकच विचारतो. रक्त आलं तेव्हा फणी कुणाची होती?"

"भगताची."

"आणि पाणी?"

बानूनं वर बघितलं. "त्येबी भगताचंच."

"घरच्या फणीनं, घरच्या पाण्यानं कुणी बघितलंय?"

"भाऊ मरंल ना गुरुजी!" बानूच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजा एकच भाऊ हाय. मुंजादादा. मेंढरं घेऊन पोखर्णीकडं गेलाय. त्येला तर ठावंबी न्हाई हितं काय चाललंय. म्या फणी लावावी आन् तकडं त्येला कायतरी व्हावं?"

'असं होत नसतं' हे उत्तर त्यांना पाठ होतं; पण ज्याचा भाऊ पणाला लागलाय त्याला ते पुरत नाही, एवढं त्यांना कळलं. ते सायकल ढकलत निघून गेले.

*

बाजाराच्या दिवशी वाडी ओस पडली. भरदुपारी घरात बानू आणि धोंडीबा दोघंच. धोंडीबा मागापाशी बसून घोंगडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, तयार करत होता. जट निघाल्यापासून बापलेक एका शब्दानं बोलले नव्हते. देवाशी काय बोलायचं हे धोंडीबाला सुचत नसे.

चुलीवर मडक्यात चिंचोके शिजत होते. शिजवून वाटलेल्या चिंचोक्यांची खळ करायची, कुंच्यानं ती लोकरीच्या ताण्याला द्यायची, म्हणजे भुरभुरीत धागे एकमेकांना धरून कडक होतात. हे काम बानूनं सात वर्षांची असल्यापासून केलेलं.

खळीचा वास घरात पसरला. आंबूस, मातकट. बानूला तो वास चुलीकडून येताना जाणवला आणि मग तिच्या अंगावर काटा आला. तोच वास तिच्या मानेवरूनही येत होता.

तिनं जट पुढे ओढून नाकाला लावली. हळदीच्या खाली, घामाच्या खाली खळ. इतके दिवस झोपेत, जागेपणी हा वास तिच्या नाकाशी होता आणि तिनं तो देवीचा म्हणून सोसला होता. तिनं जटेचं टोक पाण्यात बुडवून बोटांत चोळलं. बोटं बुळबुळीत झाली. धुतलेला ताणा होतो तशीच.

आता ती थांबली नाही; पण घाईही केली नाही. कोकराला मोकळं करायचं तर आधी दोर कुठं बांधलाय ते बघावं लागतं. जट सोडली तर भाऊ मरणार. ठीक, जट सोडायचीच नाही. नुसता दात टेकवायचा. भगतानं टेकवला होता, तेव्हा कुठं कोण मेलं?

तिनं मायेची तीन दात मोडलेली फणी घेतली, रांजणातल्या पाण्यात भिजवली. डोळे मिटून दात टेकवले. उघडले.

काही नाही. पिवळ्यावर ओलं पिवळं.

मग रक्त आलं कुठून? ती विचार करत होती तेवढ्यात तिची नजर खुंटीवर गेली. तिथं मायेची पानाची चंची लटकत होती. त्यात चुन्याची डबी. आणि बानूला गेल्या पावसाळ्यातली लंगडी मेंढी आठवली. मुरगळलेल्या पायाला हळद आणि चुना कालवून लेप लावायचा. लावताना पिवळा असतो, बघता बघता लाल होतो. हा लेप आखरवाडीत कुणाला माहीत नाही? माणसाला लावतात, बैलाला लावतात, धुरपताबाईला तर दर आठवड्याला लावतात.

तिनं चिमूटभर चुना वाटीभर पाण्यात कालवला, निवळू दिला. वर पाणी आलं, नितळ. गंगेसारखं. फणी बुडवली आणि जटेवर टेकवली.

लाल रेघ.

क्षणभर ती घाबरलीच. मग तळहातावर हळद चोळून तिनं तीच फणी तिथं टेकवली. तळहातातूनही 'रक्त' आलं. तळहाताला कुठली आलीय जट! बानू महिन्याभरानं पहिल्यांदा हसली. धोंडीबानं मागावरून मान वर केली, "काय झालं?" म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि देवी हसतेय म्हणून घाबरून परत मिटलं.

हसू लगेच मावळलं. तिला कळलं होतं. पण ऐकणार कोण? बानू म्हणून ती काही बोलली तर म्हणतील, तापात डोकं फिरलंय. आश्रुबानं तिचं तोंड बंद केलं होतं.

बंद केलं होतं? की उलट सताड उघडून दिलं होतं? 'हिच्या तोंडातून निगंल तो आईचा सबूद. कुणी मोडायचा न्हाई.'

संध्याकाळी बाजारातून माणसं परतली. पाया पडायला अंगण भरलं, कडेला गुरुजीही उभे होते. बानूनं अंग घुमवलं, केस उडवले आणि आश्रुबाच्या ठाण्यावरच्या बायांसारखा आवाज काढला, "हूँ! सायकलवाल्या! पोखर्णीला जा! माज्या भावाला आण! पुनवंला मला भाऊ म्होरं पायजे!"

अंगण आडवं झालं. गुरुजी मात्र उभेच होते. बानूनं त्यांच्याकडे बघून एक डोळा बारीक केला. गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदाच देवीची आज्ञा बिनतक्रार मानली.

*

पुनवेला सकाळी आश्रुबा वाजंत्र्यासह आला. बानूच्या ओटीत घालायची नवी परडी आणली होती. अंगणात मुंग्यांसारखी माणसं. गर्दीतून वाट काढत गुरुजींच्या मागून मुंजाजी पुढे आला, घोंगडी खांद्यावर, तोंड धुळीनं भरलेलं. बहिणीला बघून तो तिथंच थबकला.

"हे काय केलंय गं बाई तुजं?" त्याचा आवाज फुटला.

कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला 'गं' म्हटलं होतं. बानूला रडू कोसळणार होतं. तिनं ते गिळलं आणि अंग घुमवलं. "हूँ! बसा खाली समदे! भगता, तूबी बस!"

आश्रुबा दचकला. पण त्यानंच शिकवलेला सबूद, बसावं लागलं.

"धुरपते! या घरची फणी घे. सोता धू. रांजणाच्या पाण्यानं."

धुरपताबाईला एवढा मान आयुष्यात मिळाला नव्हता. तिनं फणी तीनदा धुतली.

"लाव जटंला."

"आई, मुंजाजी—"

"मला सांगतीस?"

धुरपताबाईनं डोळे झाकून फणी टेकवली. माणसं मुंजाजीकडे बघत होती. मुंजाजी उभा होता. जट पिवळी ती पिवळी.

"रगत न्हाई आलं गं बाई," धुरपताबाई पुटपुटली, आणि तिच्या आवाजात थोडी निराशाही होती.

"आता भगताचा लोटा घे. त्येच्या गंगंत फणी बुडव. जटंला न्हाई, तुज्याच हाताला हळद लाव आन् त्यावर टेकव."

"आईसाहेब, गंगा इटाळंल!" आश्रुबा उठायला गेला. मुंजाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेंढका होता, हात जड होता. भगत बसला.

धुरपताबाईच्या तळहातातून लाल ओघळ आले. ती ओरडली, "मेले गं! माज्याबी अंगात आली!" आणि पडायला लोकर शोधू लागली.

"काय न्हाई आली," बानू म्हणाली. या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता. "धुरपताकाकी, तुमच्या गुडघ्याला दर आठवड्याला काय लावतात?"

धुरपताबाईनं हाताकडे बघितलं, नाकाशी नेला. "हळद-चुना," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "आगं माय, हा तर हळद-चुना हाय! लोट्यात चुन्याची निवळी हाय!"

अंगणात कुजबुज सुरू झाली. आश्रुबा गरजला, "आई कोपंल! जट काय चुन्यानं झाली का?"

"न्हाई," बानू म्हणाली. "बा, हिकडं या. भगताच्या मडक्यातलं तीर्थ चाखून बगा."

धोंडीबा पुढे आला. त्यानं मडक्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. चाळीस वर्षं त्यानं तीच चव जिभेवर घेऊन खळ जमली की नाही ठरवलं होतं. जिल्ह्यात या गोष्टीचा त्याच्याइतका जाणता माणूस शोधून सापडला नसता; आणि वीस दिवस हे मडकं त्याच्याच घरात येत-जात होतं.

त्यानं पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं.

"खळ हाय," शेवटी म्हणाला. "चिंचोक्याची. आन् तीबी कच्ची शिजलेली." मग लेकीच्या पायाशी तो मटकन खाली बसला. "म्या वास कसा घेतला न्हाई गं? म्या रोज वळतो लोकर, मला कसं कळंना? मेंढीच्या गळ्याला असा गोळा झाला तर कातरीनं आपण मोकळा करतो. तिला कदी परडी दिली न्हाई."

"मेंढीला देवी येत न्हाई बा," मुंजाजी म्हणाला, "तिच्या दारात गर्दी व्हत न्हाई ना." आणि तो बहिणीसमोर मांडी घालून बसला. "सोड जट. माज्या डोळ्यांदेखत सोड. मला काय व्हतंय ते हितंच बगू द्या समद्यांना. माय, भाकर आण. उपाशी मरायचं न्हाई मला."

हसू आधी भिंतीवर बसलेल्यांतून फुटलं.

सुगंधाबाईनं ऊन पाणी आणलं. खळ पाण्यात सुटू लागली, हळद वाहून गेली. मग वाटीभर करडईचं तेल. फणी बानूनं बाजूला फेकली. "आदी बोटं," ती म्हणाली. "टाळूकडून न्हाई, टोकाकडून. कोरडं न्हाई, वलं. लोकर पिंजतो तसं, दमानं." मायेनं एक बट घेतली, धुरपताबाईनं दुसरी. माय रडत रडत सोडवत होती, आणि तोंडानं "अगं हलू नगं गं जरा," म्हणत होती. ते 'अगं' बानू कान देऊन ऐकत होती.

सूर्य कलला तरी काम चालूच. मूठभर केस गळाले, बाकीचे मोकळे झाले. मुंजाजीनं तीन भाकरी, कांदा आणि ठेचा संपवला. माणसं त्याच्याकडे टक लावून बसली होती. त्यानं एकदा मुद्दाम छाती धरली आणि डोळे पांढरे केले; बायका किंचाळल्या; तो म्हणाला, "ठेचा लय तिखट झालाय माय."

शेवटची गाठ सुटली तेव्हा बानूच्या पाठीवर ओल्या कुरळ्या केसांचा काळा झुपका पसरला होता. आश्रुबा कधी निघून गेला ते कुणी बघितलं नाही. लोटा, मडकं आणि परडी तिथंच राहिली. परडीत पुढं सुगंधाबाई कांदे ठेवायची.

सगळंच गोड झालं असं समजू नका. वालूरच्या पाव्हण्यांनी तोवर दुसरीकडे सुपारी फोडली होती. ओढ्यापलीकडच्या म्हातारीची जट पन्नास वर्षांची, ती सोडवायला बानू गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "आता मोकळी होऊन जाऊ कुटं, बाई?" आणि धुरपताबाई पुढचा अख्खा महिना मुंजाजीच्या शिंका मोजत होती.

पण एवढं मात्र झालं: त्या वाडीत कुरळ्या केसांच्या पोरी आता न्हाऊन आल्या की तेल लावून बोटांनी केस सोडवतात, आणि तापातून उठलेल्या बाईचं डोकं पहिल्या दिवशी धुतात.

बाबांनो, खळ तुमच्या मागावर आहे, चुना तुमच्या चंचीत आहे, हळद तुमच्या डब्यात आहे. भगतानं आपल्या घरून काय आणलं होतं? फक्त आवाज. बाकीचा सगळा चमत्कार तुमच्याच घरातला. तेव्हा पुढच्या वेळी कुणी लाल थेंब दाखवला, तर पाया पडायची एवढी घाई करू नका. पडायचंच असेल तर पडा. पण वाकण्याआधी एकदा वास घ्या, आणि विचारा, फणी कुणाची, पाणी कुणाचं. आणि ज्या पोरीला घोंगडीवर बसवलंय, तिला आधी विचारा, "बरी आहेस का गं?"